साका विटकरी होता

"शाब्बास, मुक्ता!" असं खराडे मॅडमचा आवाज म्हणाला आणि त्याच वेळी खराडे मॅडम म्हणाल्या, "चूक."

दोन्ही आवाज एकाच बाईचे. पहिला आला मुक्ता झांबरेच्या चष्म्यातून आणि दुसरा बाकाच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईंच्या तोंडातून. तासगावच्या त्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत तसलेच चष्मे घातलेली बारावीची सगळी पोरं माना वर करून बघायला लागली. चष्मा आणि मॅडम यांचं आजवर कधी वाजलं नव्हतं.

"चूक कशी ओ मॅडम? निळं हाय की," मुक्ता म्हणाली.

वृंदा खराडेंनी पुन्हा नळीकडे पाहिलं. प्रयोग अगदी पोरकट होता. भाताची पेज घ्यायची, तिच्यात आयोडिनचे थेंब टाकायचे. पेजेत स्टार्च असतो, म्हणून गर्द निळा रंग येतो. शेंबडं पोरही करेल. पण मुक्ताच्या हातातली पेज पांढरीच्या पांढरी होती.

"सगळ्यांनी सांगा. हिच्या नळीत कोणता रंग?"

"निळाऽऽ!"

वृंदाबाईंना स्वतःच्या डोळ्यांचीच शंका आली. त्यांच्या आईला काचबिंदू होता. कानामागे घट्टा पडून दुखायला लागलं म्हणून त्यांनी त्या दिवशी आपला तसलाच चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. तो त्यांनी चढवला. नळी निळी. काढला. पांढरी. पुन्हा चढवला, पुन्हा काढला; पोरं हसायला लागली तरी त्यांचं चाललंच होतं. मग काहीतरी सुचून त्यांनी मुक्ताच्याच डोळ्यांवरचा चष्मा उचलून तिच्या कपाळावर सरकवला.

"आयो!" मुक्ता किंचाळली. "कुठं गेलं ओ निळं?"

"ते नंतर. आधी सांग, नळीत आणखी काय टाकलंस?"

मुक्ताने खाली बघितलं. तिच्या वडिलांची बेदाण्याची शेड होती, आणि या पोरीच्या खिशात बारमाही बेदाणे असायचे. तिने मूठभर सोनेरी बेदाणे चुरगाळून नळीत कोंबले होते. का, तर काय होतंय बघायला. शिक्षा करावी असा हा गुन्हा खरा, पण सगळं रसायनशास्त्र याच गुन्ह्यातून जन्माला आलंय हे वृंदाबाईंना ठाऊक होतं.

त्या फळ्याकडे वळल्या. बेदाणा सोनेरी राहावा म्हणून त्याला शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. त्या धुरातला सल्फर डायऑक्साइड बेदाण्यात मुरून बसतो. तो आयोडिनला भेटला की आयोडिनचं आयोडाइड करून टाकतो, आणि आयोडाइडला स्टार्चशी काही देणंघेणं नसतं. निळा रंग पुसला जातो. हे पोरांच्या बारावीच्या पुस्तकात नव्हतं, त्यांच्या घरात होतं. पोरं तोंडात बोट घालून ऐकत होती. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मग मॅडम, चष्म्याला हे दिसलं कसं नाही?"

प्रश्न रास्त होता. वृंदाबाईंना तो जरा जास्तच लागला, कारण तो चष्मा अर्धा त्यांचाच होता.

*

त्याचं नाव रसदृष्टी. दिसायला साधा जाड काडीचा चष्मा. काडीत बारीक कॅमेरे, भिंगात पातळ पडदा, कानाशी कुजबुजणारा आवाज. हातातली नळी, बाटलीवरची खूणचिठ्ठी, दिव्याची ज्योत हे सगळं तो ओळखायचा आणि डोळ्यांसमोर रेणू उभे करायचा. तुम्ही मीठ पाण्यात टाकलंत की सोडियम आणि क्लोरिन एकमेकांचा हात सोडून पाण्याच्या गर्दीत निघून जाताना दिसायचे. पाठ करून करून ज्यांच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं, अशा पोरांना ते एका तासात कळायचं.

ही करामत ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांत वृंदाबाई होत्या. चष्मा येण्याआधी त्या वर्गात पोरींना फुगडी घालायला लावायच्या. दोघी हात धरून मागे रेलल्या की दोघींचा तोल एकमेकींवर. एकीने हात सोडला तर दोघी पडणार. "हा सहसंयुज बंध," त्या सांगायच्या. "दोघींचे हात, पण पकड एकच." पुण्याच्या कंपनीने ते पाहिलं, त्यांना बोलावलं, आणि बाईंनी दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या स्टुडिओत बसून अख्खा अभ्यासक्रम आपल्या आवाजात बोलून दिला. राज्यात आठवीपासूनची पोरं त्याच आवाजावर रसायन शिकत होती. चंद्रपूरच्या लग्नात एक अनोळखी मुलगी त्यांचं बोलणं ऐकून हातातली ताटली सावरत ताठ उभी राहिली होती. त्या गोष्टीचा बाईंना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

त्या दुपारीच त्यांनी कंपनीच्या निमकरांना फोन लावला. निमकर म्हणजे शाळा-कॉलेजांचा कारभार बघणारा तरुण अधिकारी, बोलायला लोणी.

"ती नजरसाथ, मॅडम," तो म्हणाला. "नव्या आवृत्तीत घातलीय. गावोगावची रसायनं जुनी, पाणी जड, नळ्या अस्वच्छ. प्रयोग फसायचे, मुलांचा हिरमोड व्हायचा, पालकांच्या तक्रारी यायच्या. आता चष्मा खूणचिठ्ठी वाचून काय दिसायला हवं ते ठरवतो आणि तेवढा रंग भरून देतो. सगळ्यांना सारखा निकाल. समानता आहे ही, मॅडम."

"म्हणजे नळीत काय आहे ते बघतच नाही?"

"जे असायला हवं ते दाखवतो."

"आणि वर माझ्या आवाजात शाब्बास म्हणतो."

"लोकांना तुमचा आवाज फार आवडतो," निमकर म्हणाला.

खरं सांगायचं तर ही खोड काही निमकरची एकट्याची नव्हती. आपल्याकडे कैक पिढ्यांनी निरीक्षणं आधी लिहिली आणि प्रयोग नंतर केला. लोलकाचा काळ, द्रावणाची तीव्रता, सगळं उत्तराकडून उलटं जुळवून आणायचं आणि जर्नलवर सही घ्यायची. वृंदाबाईंनीही विद्यार्थिनी असताना तेच केलं होतं. चष्म्याने फक्त हे जुळवणं हातातून काढून डोळ्यांत नेऊन ठेवलं. हाताने जुळवणाऱ्याला निदान आपण जुळवतोय हे तरी ठाऊक असायचं.

*

बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक आले, कांदेपोहे झाले, वर शिरा झाला. परीक्षकांना आता तेवढंच काम उरलं होतं. गुण चष्माच द्यायचा. पूर्वी प्रयोगशाळेतला शिपाई बाकाजवळून जाताना कोणाला कोणतं मीठ आलंय ते हळूच पुटपुटायचा. आता पुटपुटायचीही गरज नव्हती.

मुक्ताच्या वाट्याला एक पुडी आली. आत फेरस सल्फेट, लोखंडाचं मीठ. असं खूणचिठ्ठी सांगत होती, म्हणजे चष्म्याला सांगत होती. त्यात कॉस्टिक सोडा घातला की मळकट हिरवा अवक्षेप, म्हणजे नळीच्या तळाशी बसणारा साका, मिळायला हवा. पण ते मीठ कपाटात वर्षानुवर्षं पडून होतं. उघड्या हवेत लोखंड गंजतं तसं हे मीठही आतल्या आत गंजतं. फेरसचं फेरिक होतं. आणि फेरिकचा साका हिरवा येत नाही, विटकरी येतो.

मुक्ताने कॉस्टिक टाकलं. "शाब्बास," चष्मा म्हणाला. "हिरवा अवक्षेप."

वृंदाबाई समोरच उभ्या होत्या. मुक्ताचा हात कपाळाकडे जाताना त्यांनी पाहिला. 'नको गं,' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं, आणि आपण असं म्हणणार होतो याची त्यांना लगेच लाजही वाटली. मुक्ताने चष्मा वर सरकवला, नळी खिडकीकडे धरली, नीट पाहिली आणि उत्तरपत्रिकेत लिहिलं: साका विटकरी. फेरिक.

चष्म्यांशी जोडलेला भिंतीवरचा दिवा लाल झाला. नियम साधा होता: परीक्षेत चष्मा काढणं म्हणजे कॉपी. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हणून मुक्ता झांबरेवर कॉपीची केस झाली. संध्याकाळपर्यंत तिच्या विटकरी नळीचा फोटो कोणीतरी पसरवला, आणि शेजारच्या तालुक्यांतली पोरंही गुपचूप कपाळावर चष्मे सरकवून बघायला लागली.

*

निमकर जातीने आला. प्राचार्य डांगे सरांच्या खोलीत बसून त्याने चहाचा कप बशीत नीट मध्यभागी ठेवला आणि तोडगा सांगितला.

"विज्ञान दिनाला तुमचा एक तास थेट दाखवू. राज्यातल्या सगळ्या चष्म्यांवर. हाच लोखंडाचा प्रयोग, सगळ्या शाळांत एकाच वेळी. तुमच्यासमोर मुक्ता उभी असेल. ती चष्मा लावून प्रयोग करील आणि म्हणेल, हिरवा. तुम्ही म्हणाल, शाब्बास. राज्यभर सगळ्यांना हिरवा दिसेल, शंका मिटेल, आणि केस मी स्वतः मागे घ्यायला लावतो."

"आणि नाही केलं तर?"

"तिचं वर्ष जाईल, मॅडम. नियम आहे."

डांगे सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, पोरीचा विचार करा. एक शब्द तर आहे."

बाईंनी पोरीचाच विचार केला. दुपारी त्या झांबऱ्यांच्या शेडवर गेल्या. जाळ्यांवर हिरवी द्राक्षं पसरलेली, हवेत गंधकाचा घशाला खवखवणारा वास. मुक्ता एका कडेला उभी राहून काडीकचरा निवडत होती. वृंदाबाईंनी तिला सगळं सांगितलं, आणि शेवटी स्वतःलाच नको वाटणारं वाक्यही बोलून टाकलं.

"हिरवा म्हण गं. एक शब्द. वर्ष वाचेल तुझं."

मुक्ताच्या हातातलं काम थांबलं. "आणि तुमी काय म्हणणार?"

"शाब्बास."

"तुमच्या तोंडानं? खरंखुरं?"

बाईंनी नजर जाळीवरच्या द्राक्षांकडे वळवली. आयुष्यात विद्यार्थ्यासमोर इतकं ओशाळं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मॅडम, ते इटकरी हुतं," मुक्ता म्हणाली. "तुमीच शिकिवलं, आधी बगायचं, मग बोलायचं. आता तुमीच म्हणताय बोल आणि बगू नको." तिचे डोळे भरून आले, पण तिने मान वळवली नाही. "माझं वर्ष जाऊ दे की. मला इचारलं तर मी इटकरीच सांगणार."

वृंदाबाई परतल्या त्या अपमान गिळून, पण मनात कुठेतरी सुखावूनही. आपण शिकवलेलं असं अंगावर उलटून आलं की शिक्षकाला दुसरं काय हवं असतं?

*

विज्ञान दिनाला प्रयोगशाळा लख्ख पुसली होती. भिंतीला झेंडूची माळ, टेबलावर कॅमेरा, कोपऱ्यात पोरांची दाटी. निमकर कानाला यंत्र लावून फिरत होता. राज्यातली हजारो पोरं आपापल्या शाळेत एका हातात लोखंडाच्या मिठाचं द्रावण आणि दुसऱ्या हातात कॉस्टिकची बाटली धरून, डोळ्यांवर चष्मे लावून बसली होती. त्यांच्या कपाटांतलं मीठही बहुतेक इतकंच म्हातारं असणार, हे निमकरला माहीत नव्हतं. रसायनं त्याने आजवर चष्म्यातूनच पाहिली होती.

मुक्ता आली, पण तिचा चेहरा उतरला होता. वृंदाबाईंनी खुणेनेच विचारलं, काय झालं? मुक्ताने मान हलवली. तिच्या मागे डांगे सर उभे होते आणि त्यांना बाईंच्या नजरेला नजर देववत नव्हती.

तास सुरू झाला. वृंदाबाईंनी लोखंडाची गोष्ट सांगितली. विळ्याचं लोखंड, तव्याचं लोखंड, रक्तातलं लोखंड. फेरस आणि फेरिक म्हणजे एकाच माणसाच्या दोन वृत्ती, एक इलेक्ट्रॉन गमावला की माणूस वेगळा वागायला लागतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कोपऱ्यातली पोरं हसली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच उबदार होता. आत मात्र निमकरला कबूल केलेला तो एक शब्द घोळत होता.

"आता सगळ्यांनी कॉस्टिक टाका," त्या म्हणाल्या. "मुक्ता, तूही टाक. काय दिसतंय?"

मुक्ताने टाकलं. नळी प्रकाशात धरली. बाई चष्मा न लावता उभ्या होत्या. त्यांना भिजलेल्या विटेसारखा साका ढळढळीत दिसत होता.

मुक्ताने एकदा बाईंकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "हिरवा."

आणि बाईंना एकदम उमगलं. डांगे सरांनी हिला गाठलं होतं. स्वतःच्या वर्षासाठी ही पोरगी मेली तरी हिरवा म्हणाली नसती. तिला सरांनीच सांगितलं असणार की तू विटकरी म्हणालीस तर मॅडमची नोकरी जाईल. ती बाईंना वाचवायला खोटं बोलली होती, जशा बाई तिला वाचवायला खोटं बोलायला आल्या होत्या. फुगडीत दोघींनी एकमेकींसाठी हात सोडावेत, तसा हा प्रकार होता.

निमकरने हाताने खूण केली. आता शाब्बास.

वृंदाबाईंना असा राग आला की कानशिलं तापली. निमकरचा आला, डांगे सरांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या गोड आवाजाचा आला.

"चूक," त्या म्हणाल्या.

निमकरचा खूण करणारा हात तसाच हवेत राहिला.

"चूक, मुक्ता. चष्मा कपाळावर घे आणि पुन्हा सांग." मग कॅमेऱ्याकडे वळून, आठवीपासून या पोरांनी ऐकलेल्या त्याच आवाजात, त्याच ठसक्यात: "तुम्हीपण. सगळ्यांनी. चष्मे कपाळावर. नळी उजेडात धरा. पुस्तकात काय आहे ते मला पाठ आहे. तुमच्या नळीत काय आहे ते सांगा!"

निमकर कॅमेऱ्याकडे धावला. पण तेवढ्यात राज्यभरातल्या पोरांचे हात कपाळाकडे गेले होते. या आवाजाचं ऐकायचं ही सवय त्यांना कंपनीनेच लावली होती.

"इटकरी!" मुक्ता ओरडली. आता ती रडत होती आणि हसतही होती. "इटकरी हाय, मॅडम! पैल्यापासून इटकरीच हुतं!"

"शाब्बास," खराडे मॅडम म्हणाल्या.

प्रक्षेपण तुटलं.

*

"तुम्ही काय करून बसलात कळतंय का?" निमकरच्या आवाजातलं लोणी पार वितळलं होतं. "करार मोडलात. तुमची नोकरी गेली समजा. आणि हिचं वर्षही."

"जाऊ दे नोकरी," बाई म्हणाल्या. "करार मोडला, मान्य आहे. पण तिच्यावर कॉपीची केस ठेवायची असेल तर आता राज्यातल्या सगळ्या पोरांवर करावी लागेल. सगळ्यांनी चष्मे काढून पाहिलंय; आता परीक्षेतही काढतील. आहेत का बोर्डाकडे तेवढे कागद?"

डांगे सरांचा फोन वाजायला लागला आणि थांबेचना. गडचिरोलीच्या एका शिक्षकाचा साका काळपट आला होता, तो कशाने म्हणून ते विचारत होते. जव्हारच्या आश्रमशाळेत खरोखरच हिरवा आला होता; त्यांची बाटली नवी होती. लातूरला नळीत काहीच झालं नव्हतं, कारण तिथल्या बाटलीत कॉस्टिक नव्हतंच, साधं पाणी होतं, आणि ते आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रत्येकाला दुसरंच काहीतरी दिसत होतं आणि प्रत्येकाला त्याचं कारण हवं होतं. डांगे सर फोन हातात धरून खुर्चीत बसले. "मॅडम, आता यांना मी काय सांगू?"

"द्या इकडे," बाई म्हणाल्या. "मी सांगते."

टेबलावर पडलेला मुक्ताचा चष्मा अजून चालूच होता. समोर नळी दिसल्याबरोबर तो आनंदाने म्हणाला, "शाब्बास, मुक्ता! हिरवा अवक्षेप!"

वृंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. स्वतःचाच आवाज, स्वतःचाच लडिवाळपणा. "गप्प बस गं तू," त्या त्याला म्हणाल्या आणि काडी दाबून तो बंद केला.

निमकरने काढता पाय घेतला. पोरं मागे रेंगाळत होती, कोणाला घरी जायचं नव्हतं. मुक्ता नळाखाली नळी घासत होती. विटकरी डाग काचेला घट्ट धरून बसला होता, ब्रशने निघेना.

"पातळ ॲसिड टाकलं तर निघंल ओ मॅडम," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला." वृंदाबाईंनी तिच्या हातातून नळी घेतली आणि दारातून येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरेल अशी स्टँडमध्ये उभी केली. "राहू दे तशीच."